चीनला इंग्रजी शिकवायला जावं का? कुणी राहून आलंय का तिकडं?

वसमतकर सर

नमस्कार मंडळी. मी वसमतचा. एम.ए. इंग्रजी, बी.एड., दोन्ही नांदेडच्या विद्यापीठातून. सहा वर्षं झाली, एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायलोय. पगार म्हणजे दिवाळीला हातावर टेकवतील तेवढाच. टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून झाले. वय चौतीस. बायको एम.एस्सी. गणित, बी.एड., इथंच एका सीबीएसई शाळेत आहे. चार वर्षांची मुलगी आहे.

आता एका एजंटानं चीनमधल्या शाळेत इंग्रजी शिक्षकाची जागा सांगितलीय. महिना दीड लाख रुपये, राहणं शाळेकडं. त्याला अडीच लाख द्यायचे. म्हणतो, आधी बिझनेस व्हिसावर जा, तिथं पोचल्यावर शाळा व्हिसा बदलून देती. वडील एक एकर गहाण टाकायला तयार झालेत. त्यांनी तोंडातून शब्द काढला तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं विचारायलोय.

तिथं परदेशी मास्तराचा दिवस कसा जातो? लेकरं ऐकतात का? आम्ही माळकरी, खाण्याचं काय? आणि वडिलांनी एक प्रश्न मुद्दाम लिहायला सांगितलाय: तिकडं ज्वारी मिळती का? त्यांना खरंच काळजी लागलीय, तेव्हा माहिती असेल तर सांगा.

फिजिक्सवाला, सध्या सुझौ

सर, आधी पैशाचं. अडीच लाख देऊ नका. आजच नाही म्हणा.

मी मूळचा गंगाखेडचा. इथं चीनमध्ये एका खाजगी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात भौतिकशास्त्र शिकवतो, वर्क परमिटवर. बिझनेस व्हिसा म्हणजे एम व्हिसा. त्याच्यावर शिकवणं हा गुन्हा आहे. २०१३ पासून लागू असलेल्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात बेकायदा काम करणाऱ्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर असलं तर त्याच्यासोबत ५ ते १५ दिवस कोठडी. वरून देशाबाहेर काढतात ते वेगळंच. ‘तिथं गेल्यावर बदलून देऊ’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याच्या दारात परत जाऊ नका.

खरी वाट अशी. शाळा तुमच्या नावानं वर्क परमिटचा अर्ज करते आणि मंजुरीचं पत्र निघतं. ते हातात आल्यावर आपण भारतातूनच झेड व्हिसा, म्हणजे नोकरीचा व्हिसा, काढायचा. त्याच्या आधी पदवीवर शिक्के: मंत्रालय, परराष्ट्र खातं, चिनी वकिलात. पोलिसांचा दाखला लागतो. चीनला उतरल्यावर २४ तासांत पोलीस चौकीत राहत्या पत्त्याची नोंद करायची, मग रक्त, एक्स-रे, ईसीजी अशी तपासणी, आणि ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज.

आता कडू गोष्ट. इंग्रजी भाषेचा शिक्षक म्हणून परमिट द्यायचं तर इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट बघतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. आपला पासपोर्ट त्यात धरत नाहीत, मग इंग्रजी कितीही चांगलं असो. त्यात २०२१च्या जुलैमध्ये सरकारनं शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक बंधनं आणली. इंग्रजीची हजारो ट्रेनिंग सेंटरं त्यात बंद पडली. एजंट जुन्या काळाच्या गोष्टी विकायलाय.

आणि त्याला विचारा, परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तुझा नोंदणी क्रमांक कोणता? परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३च्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं.

जालन्याहून

वरच्या सरांचं खरं आहे. माझा मामेभाऊ २०१८ला असाच बिझनेस व्हिसावर गेला होता, एका बालवाडीत शिकवायला. तीन महिने बरे गेले. चौथ्या महिन्यात वर्ग चालू असताना पोलीस आले. दहा दिवस कोठडीत होता, घरी कुणालाच पत्ता नाही. मामी रोज फोन लावायची आणि चिनी भाषेत बाई काहीतरी बोलायची, तेवढंच. मालकानं नंतर फोन उचलला नाही. एजंटाचं पुण्यातलं ऑफिस तर त्याच्या आधीच बंद झालं होतं. जमीन अजून सुटलेली नाही.

औशाची लेक

वसमतकर सर, रात्री तुमचं लिहिलेलं वाचलं. वडिलांच्या त्या एका एकरावर मन अडकलं, म्हणून सकाळी शाळेत जायच्या आधी लिहायला बसलेय. लांब होईल.

मी २०१५च्या ऑगस्टमध्ये गेले, २०२०च्या जानेवारीत परत आले. शहर शिजियाझुआंग, हेबेई प्रांताची राजधानी, बीजिंगपासून बुलेट ट्रेननं सव्वा तासाच्या आसपास. तेव्हा नियमांची अंमलबजावणी प्रांतागणिक वेगळी होती. माझं एम.ए., बी.एड. आणि सात वर्षांचा अनुभव बघून तिथल्या खात्यानं रीतसर कागद दिला. २०१७ला परमिटची नवी पद्धत आली, तरी मी त्याच शाळेत असल्यामुळं माझं नूतनीकरण होत गेलं. आज ती वाट बंद आहे, फिजिक्सवाल्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर. तरी तुम्ही दिवस कसा जातो विचारलंय, तर तो सांगते. कुणी नीट सांगत नाही तो.

माझ्याकडं तिसरी ते सहावीचे बारा वर्ग होते. एका वर्गात पंचेचाळीस-पन्नास लेकरं, तास ४० मिनिटांचा, आणि एका वर्गाला मी आठवड्यातून एकदाच भेटायची. म्हणजे सहाशेच्या जवळपास लेकरं. नावं पाठ व्हायला पहिलं वर्ष गेलं, आणि ती पाठ करायचीच असं मी ठरवलं होतं. बरीच परदेशी मास्तरं लेकरांना टॉम, लूसी अशी नावं देऊन मोकळी होतात. मी वहीत चिनी नावं देवनागरीत लिहून काढली. आपल्या लिपीत ‘छ’ आणि ‘च’ वेगळे, ‘थ’ आणि ‘त’ वेगळे, त्यामुळं माझे उच्चार सोबतच्या ब्रिटिश पोरापेक्षा जवळचे यायचे. लेकरांना आपलं खरं नाव मॅडमच्या तोंडून ऐकू आलं की बाकावर ताठ बसायची.

सोमवारी ध्वजवंदन, गळ्यात लाल रुमाल. तास सुरू होताना वर्गप्रमुख ‘छी ली’ म्हणून ओरडतो आणि सगळा वर्ग उभा राहून एका सुरात नमस्कार करतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा डोळ्यांचा व्यायाम: भिंतीवरच्या स्पीकरवर संगीत लागतं, एक ते आठ आकडे मोजले जातात आणि पन्नास लेकरं डोळे मिटून भुवयांच्या कडा, कानशिलं चोळत बसतात. दुपारी जेवण झालं की झोप. पडदे ओढलेले आणि सगळी बाकावर हातांची उशी करून झोपलेली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दारातच उभी राहिले, चप्पल वाजू नये म्हणून.

व्याकरण, पाठांतर, परीक्षा हे चिनी शिक्षिकेचं काम. परदेशी शिक्षकाकडं फक्त बोलणं. आणि लेकरं बोलत नाहीत. चौथीतल्या लेकराला शेकड्यानं शब्द येतात, पेपरात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडतात, आणि ‘काल काय खाल्लंस’ विचारलं की मान खाली. तिथं त्याला शब्दच आहे, याबा यिंग्यू, म्हणजे मुकं इंग्रजी.

सर, हे मुकेपण मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवली. बारावीला इंग्रजीत ८१ मार्क होते आणि लातूरला कॉलेजात बाईंनी इंग्रजीत नाव विचारलं तर घसा कोरडा पडला होता. मागचा बाक हसला. तो हसलेला बाक मी अजून विसरले नाही. म्हणून माझ्या वर्गात एकच नियम होता: कुणी बोलत असताना कुणी हसायचं नाही. आणि बोलणं संपेपर्यंत मी चूक काढत नसे.

चुका कुठून येतात तेही कळायला लागलं. चिनी बोलण्यात तो, ती, ते या तिन्हींचा उच्चार एकच, ‘था’. लिहिताना चिन्ह वेगळं, कानाला फरक नाही. म्हणून लेकरू म्हणतं, ‘माय मदर, ही इज अ डॉक्टर.’ ते मठ्ठ असतं म्हणून नव्हे, त्याच्या जिभेनं असा फरक कधी केलेलाच नसतो. आपल्याकडं खुर्चीसुद्धा ‘ती’ असते, आपल्याला हे पटकन ध्यानात येत नाही.

चौथीत एक मुलगा होता, नाव सांगत नाही. पूर्ण सत्र एक शब्द नाही. वसंतात तिथं लेकरं रेशमाच्या अळ्या पाळतात, बुटाच्या खोक्यात. एक दिवस मधल्या सुट्टीत हा खोका घेऊन टेबलाशी आला आणि झाकण उघडून उभा राहिला. आत तुतीची पानं, कडेनं कुरतडलेली, आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान पंधरा-वीस अळ्या. खोक्याला कान लावला तर पाला खाल्ल्याचा बारीक सर सर आवाज येत होता. सर, माझ्या भावाची एक एकर तुती आहे. त्या शेडात पाचव्या अवस्थेत अळ्या पाला खातात तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मी तिथंच बसले आणि म्हणाले, माझ्या भावाकडं पण आहेत. त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं: ‘हाऊ मेनी?’

मी फळ्यावर मांडलं. भाऊ दोनशे अंडीपुंज आणतो, एका पुंजातून चारशे अळ्या धरा. दोनशे गुणिले चारशे. चिनी मोजणीत दहा हजाराचं एक घर असतं, ‘वान’. ऐंशी हजार म्हणजे आठ वान. तो बोटांवर वान मोडून इंग्रजीत हजार करायला लागला. ओठ हलत होते. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग तो जवळजवळ ओरडलाच, ‘एटी थाउजंड!’ मग म्हणे, ‘लीफ? हू गिव्ह लीफ?’ पाला कोण घालतं? मी म्हणाले, भाऊ आणि वहिनी, रात्रीसुद्धा उठून. पुढच्या आठवड्यात तो वर्गात उभा राहून माझ्या वहिनीबद्दल चार वाक्यं बोलला. चारही वाक्यांत तिला ‘ही’ म्हणाला. मी एकही सुधारलं नाही.

वाईटही सांगते. पगार नऊ हजार युआन होता, तेव्हा युआन साधारण दहा रुपयांना होता. त्याच कामाचे त्या ब्रिटिश पोराला चौदा हजार. त्याच्याकडं शिक्षणशास्त्राची पदवी नव्हती, शिकवायचा अनुभव नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, पालकांना तो चेहरा हवा असतो. एका ट्रेनिंग सेंटरनं रविवारच्या तासांसाठी विचारलं, वर म्हणाले की पालकांना लंडनची आहे सांगा. तसंही परमिट एका शाळेचं असतं, दुसरीकडं शिकवता येत नाही. पण मला जास्त लागलं ते लंडन. मी औशाची आहे हे चार वर्षं प्रत्येक वर्गात नकाशावर बोट ठेवून सांगितलं.

आणि ऊबही मिळाली. भाजीबाजारात एक आजोबा होते, सत्तरीचे तरी असतील. भारतीय आहे कळल्यावर त्यांनी छातीला हात लावला आणि म्हणाले, ‘के दिहुआ’. मला आधी कळलंच नाही. ते डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉक्टर. १९३८ला वैद्यकीय पथकातून गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता डिसेंबर १९४२मध्ये तिथंच वारले, वय बत्तीस. त्यांची समाधी याच शहरातल्या हुतात्मा स्मारकात आहे. एप्रिलमध्ये पितरांच्या सणाला शाळेतली लेकरं तिथं फुलं वाहायला जातात. मी पण गेले. मराठी माणसाच्या पुतळ्यापुढं चिनी लेकरं रांगेत उभी, मला बोलता येईना.

थंडीचं म्हणाल तर उणे दहापर्यंत जायचं, पण उत्तरेकडं १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरं सरकारी हीटिंगनं गरम असतात. त्याच्या आधीचे पंधरा दिवस कठीण. सगळीकडं प्यायला गरम पाणी, थर्मास हातात. आता शाळेची वेळ झाली, बाकीचं रात्री लिहिते.

वसमतकर सर

ताई, तुमचं मोठ्यानं वाचून दाखवलं घरात. आई अळ्यांच्या गोष्टीला उठून आत गेली.

एजंटाला मंजुरीचं पत्र मागितलं. म्हणाला ते तिथं गेल्यावर मिळतं. नोंदणी क्रमांक विचारला तर फोन कट. वडिलांना सांगितलं, जमिनीचा विषय संपला. ते काही बोलले नाहीत, बैलाला पाणी दाखवायला गेले. पण जाताना पाठ हलकी वाटली.

आता एक नवीन विचारायचंय. बायको वरचं सगळं वाचून म्हणाली, इंग्रजीच्या मास्तराला वाट नाही, पण फिजिक्सवाल्या सरांना आहे, मग गणिताच्या बाईला का नसावी? तिला आठ वर्षांचा अनुभव आहे. खरंच होतं का असं?

फिजिक्सवाला, सध्या सुझौ

होतं. वहिनींचा विचार बरोबर आहे. विषय शिक्षकाला मातृभाषेची अट लावत नाहीत. त्या विषयाची पदवी, दोन वर्षांच्या वरचा अनुभव, आणि वर्ग इंग्रजीतून घेता आला पाहिजे. आयजीसीएसई, ए लेव्हल (आपल्या दहावी-बारावीच्या तोडीचे ब्रिटिश अभ्यासक्रम) शिकवणाऱ्या खाजगी शाळांत गणिताचे भारतीय शिक्षक आहेत. शाळांच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाहिराती बघा आणि थेट अर्ज करा, मुलाखत व्हिडिओवर होते, डेमो तास मागतात. आयजीसीएसईचे जुने पेपर आत्तापासून सोडवायला घ्या, सीबीएसईपेक्षा मांडणी वेगळी असते.

तुम्ही आणि मुलगी एस१ व्हिसावर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर, जाल. त्याच्यावर तुम्हाला काम करता येणार नाही, शिकवणीसुद्धा नाही. हे नवराबायकोनं आधी बोलून घ्या. आमच्या शाळेत असे दोन नवरे आहेत, एक घर बघतो आणि एक पीएच.डी. करायलाय.

घरी बोलायची अडचण खरी आहे. इथं व्हॉट्सअ‍ॅप, गूगल चालत नाही आणि २९ जून २०२०ला आपल्याकडं वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर बंदी आली. म्हणजे इकडचं तिकडं नाही, तिकडचं इकडं नाही. मी भारतीय सिम रोमिंगवर ठेवलंय, त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप लागतं, पण पॅक महाग पडतो म्हणून रविवारीच बोलतो. थेट विमानं २०२५च्या ऑक्टोबरपासून परत सुरू झालीत, कोलकात्याहून ग्वांगझौ. त्याच्या आधी आम्ही बँकॉक नाहीतर हाँगकाँगवरून यायचो.

औशाची लेक

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी अर्ज करावा. लेकराची शाळा आणि तिचा खर्च कोण उचलणार, हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

खाण्याचं राहिलं होतं. ‘वो छ सू’ म्हणजे मी शाकाहारी, हे पहिल्या दिवशी पाठ करा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण भाजीत मटणाचा रस्सा चालतो अशी तिथं बऱ्याच जणांची समजूत असते. टोफू, वांगी, बटाटा, पालेभाज्या भरपूर. जिरे, कोथिंबीर, शेंगदाणे, मिरची कुठंही मिळते, म्हणजे ठेचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा प्रश्न सुटला. मूग मिळतात. तुरीची डाळ मात्र मी दर उन्हाळ्यात इथून न्यायची.

आता तुमच्या वडिलांचा प्रश्न. काकांना सांगा, ज्वारी मिळते. तिला तिथं गाओल्यांग म्हणतात. उत्तर चीनमध्ये जुनं पीक आहे, आता बहुतेक दारूसाठी जाते, पण हेबेई, शान्शीकडं पीठ दुकानात असतं, ऑनलाइन तर कुठंही. रंग लालसर असतो आणि चव तुरट, आपल्या मालदांडीची गोडी नाही. मी लातूरच्या गंजगोलाईतून लोखंडी तवा नेला होता. पहिली भाकरी थापली ती हातातच तुटली. दुसरी तव्यावर चिरली. शेजारच्या फ्लॅटमधली चिनी शिक्षिका वास बघून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, हे आजीच्या घरचं धान्य आहे, दुष्काळात खायचे. आमच्याकडं पण तसंच, म्हणाले मी. तिला अर्धी दिली, तिनं मीठ लावून खाल्ली.

२०२०च्या जानेवारीत मी वसंतसणाच्या सुट्टीला एक बॅग घेऊन आले. २८ मार्चला त्यांनी परदेशी लोकांना दार बंद केलं, माझी शाळा तिथंच तुटली. सहाशे लेकरांना निरोप द्यायचा राहिला, ते अजून आत टोचतं. नावांची वही तेवढी बॅगेत होती. सामान त्या शेजारणीनं आवरलं. तवा तिच्याकडंच आहे, कांदापातीच्या पोळ्या करते, ईमेलवर फोटो पाठवते.

भाकरीचं एवढं ध्यानात ठेवा: पीठ ताजं दळलेलं बघून घ्या, पाणी उकळतं घाला, झाकून दहा मिनिटं ठेवा आणि मग मळा. चिकटपणा कमी वाटला तर मूठभर कणीक टाका. थापायला परात इथूनच न्या, तिथं तशी मिळाली नाही मला.